बावीस सेकंदांचा आवाज

नंदकुमार पालव भूकंप शिकवायला निघाले की रिक्षात मांडीवर एक स्टीलचा डबा घट्ट धरून बसायचे. डब्यात आदल्या रात्री तापवून गार केलेलं दूध असायचं आणि त्यावर जाड साय. खड्ड्यात रिक्षा आदळून साय मोडू नये, एवढीच त्यांची काळजी. महापालिकेच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेतलं होतं. तेव्हापासून मुलुंडपासून गोवंडीपर्यंत कुठल्याही शाळेनं, सोसायटीनं बोलावलं की ते जायचे. पैसे घेत नसत. चहा घेत.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ते असल्फ्याच्या चढावरच्या एका शाळेत गेले. सातवी ब, दुसरा मजला, एक्केचाळीस मुलं. वर्गशिक्षिका रश्मी गायकवाड भूगोल शिकवायच्या. त्यांनीच फोन करून बोलावलं होतं.

"पोरांनो, आपण कुठे राहतो?" पालवांनी विचारलं.

"असल्फा!" "घाटकोपर!" "मी साकीनाक्याला, सर!"

"आपण सायीवर राहतो," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण काढलं.

वर्ग हसला. पुढची मुलं उठून डब्याभोवती जमली. पालवांनी चमच्यानं साय एका बाजूनं हळूच ढकलली. मधोमध सुरकुती उभी राहिली. "हा हिमालय." मग ती दुसऱ्या बाजूनं ओढली आणि साय फाटली. "आणि हा समुद्राचा तळ. खाली सगळं गरम असतं, हलत असतं. वरची साय सरकत राहते. वर्षाला बोटभर."

मुकुल नावाचा एक मुलगा म्हणाला, "पण सर, मुंबई कडेला कुठाय? मधे आहे ना?"

"शाब्बास. लातूर पण मधेच होतं." त्यांनी पिशवीतून स्टीलची पट्टी काढली आणि दोन्ही हातांनी वाकवली. "मधल्या जमिनीत जुन्या भेगा असतात. त्यांच्यावर ताण येत राहतो. शंभर वर्षं, हजार वर्षं. काही दिसत नाही. आणि मग..." त्यांनी एक टोक सोडलं. पट्टी थरथरली, तिचा आवाज वर्गभर घुमला. "कधी सुटणार, ते कुणालाच सांगता येत नाही. कुणी तारीख सांगितली तर तो थापा मारतोय."

मग बाकाखाली कसं बसायचं, एक हात मानेवर कसा ठेवायचा, दुसऱ्या हातानं बाकाचा पाय कसा धरायचा, हे त्यांनी स्वतः गुडघे टेकून दाखवलं. "हादरे चालू असताना धावायचं नाही. जिन्यात गेलात तर वाट लागली समजा. हादरे थांबले की मग रांगेत, शांतपणे, खाली मैदानात."

शेवटी त्यांनी टेबलावर स्पीकर ठेवला. त्यांच्या फोनमध्ये बावीस सेकंदांचा एक आवाज होता. खऱ्या भूकंपाचा.

हा आवाज त्यांना त्याच वर्षी गोवंडीत मिळाला होता. तिथल्या एका सोसायटीत शिकवताना त्यांनी पत्र्याचा डबा हलवून भूकंपाचा आवाज काढून दाखवला होता. मागं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आसा नसतो आवाज." त्याचं नाव धोंडिराम सरवदे. किल्लारीच्या भूकंपानंतर तो भावाकडे गोवंडीला आला, तो तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं पालवांना घरी बोलावलं आणि पिठाच्या डब्यातून एक जुनी कॅसेट काढली. भूकंप झाला तेव्हा घरात टेप चालू होता, एवढंच तो म्हणाला. "घरघर तेवढी घ्या. बाकीचं काई घेऊ नका." पुतण्या चैतन्य एसी दुरुस्तीचं काम करायचा, त्याला अशा गोष्टी जमायच्या. त्यानं कानाला हेडफोन लावून नेमका तेवढा तुकडा काढून पालवांच्या फोनवर टाकला. तो होत असताना धोंडिराम बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिला होता.

पालवांनी तो आवाज अकरा शाळांमध्ये वाजवला होता. मुलं घाबरायची, मग हसायची. त्यापलीकडे कधी काही झालं नव्हतं.

"बाकाखाली!" ते म्हणाले आणि बटण दाबलं.

आवाज खालून यायचा, तसाच आला. आधी दूरवर जड काहीतरी ओढत नेल्यासारखा, मग जवळ, मग छातीत. बावीस सेकंदांनी थांबला. मुलं बाकांखालून डोकी काढू लागली.

"काय ऐकलंत?" पालवांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

पहिल्या बाकावरची श्रुतिका म्हणाली, "सर, ती बाई कोण होती?"

"कुठली बाई?"

"बोलत होती ती."

"कुणी बोलत नाहीये त्यात. नीट ऐकलंस का?"

"नाही सर, होती," मागून कुणीतरी म्हणालं. "मी पण ऐकलं." "मी पण."

पालवांनी रश्मी टीचरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. पालवांनी स्पीकर कानाला लावून तुकडा पुन्हा वाजवला. घरघर. दुसरं काही नाही.

"काय म्हणत होती?" त्यांनी जरा चिडूनच विचारलं.

मुकुल म्हणाला, "आवं, उठा की. लेकरं घिऊन भाईर या."

एक-दोघं हसली, पण बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुकुलच्या घरी गुजराती बोलायचे. 'लेकरं' हा शब्द त्यानं कुठून आणला, हे रश्मी टीचरांना कळेना. त्यांनी श्रुतिकाला बाजूला घेऊन हळूच विचारलं. श्रुतिका मालवणकडची. तिनंही तेच वाक्य सांगितलं, अक्षरन् अक्षर. मग विचारलं, "टीचर, 'भाईर' म्हणजे बाहेर ना?"

पालवांना वाटलं, पोरांनी मिळून काहीतरी ठरवलंय. सातवीची पोरं, त्यात नवल नाही. ते कडक आवाजात म्हणाले, "आता मस्करी बंद. आता खरी ड्रिल. आवाज तीनदा वाजेल. मी सांगेपर्यंत एकानं पण बाकाखालून हलायचं नाही. कळलं?"

"हो सर."

त्यांनी बटण दाबलं. एक्केचाळीस मुलं बाकांखाली गेली. वर्गात फक्त घरघर.

पहिल्यांदा वाजून झालं. दुसऱ्यांदा सुरू झालं आणि मुलं उठली.

ओरडली नाहीत, धावली नाहीत. सगळी एकदम बाकांखालून निघाली, दप्तरं तशीच ठेवून दाराकडे चालू लागली. पालव ओरडले, "ए! खाली बसा! कोण उठलं?" कुणी वळून पाहिलं नाही. रश्मी टीचर दारात आडव्या झाल्या. मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, पाणी खांबाला वळसा घालतं तशी. त्यांनी श्रुतिकाचा दंड धरला. श्रुतिकानं त्यांच्याकडे पाहिलं, ओळख न पटल्यासारखं, आणि हात सोडवून घेतला. टीचर त्यांच्यामागे धावल्या.

पहिल्या मजल्यावर दुसरीचा वर्ग होता. सातवीची मुलं तिथे थांबली. मग आत शिरली. दुसरीच्या बाई फळ्यावर बेरजा लिहीत होत्या. त्या वळेपर्यंत प्रत्येकानं एकेका छोट्याचा हात धरला होता. दोघं-तिघं तर कडेवर उचलून घेतली. बाई किंचाळल्या, "अरे काय करताय? कुठे नेताय त्यांना?" छोटी मुलं मात्र रडली नाहीत. ज्यांनी हात धरला त्यांच्यासोबत गुपचूप चालू लागली. सगळी जिन्यानं खाली उतरली, मैदान ओलांडून कुंपणापाशी गेली आणि तिथे उभी राहिली. तोंडं इमारतीकडे.

वर पालव एकटे उरले होते. ते जिन्यापर्यंत जाऊन परत आले, स्पीकर बंद करायला. दारात पोहोचले आणि थांबले. तुकडा तीनदा वाजून संपला होता. फोनच्या पडद्यावर तसं दिसत होतं. आवाज मात्र येतच होता. पण ही घरघर वेगळी होती. बारीक, एका लयीतली, गोल फिरणारी. पालवांचं लहानपण कणकवलीजवळच्या गावात गेलं होतं. हा आवाज त्यांनी पन्नास वर्षांनी ऐकला, तरी लगेच ओळखला. घिरट. कुणीतरी जात्यावर दळत होतं.

त्यांचे पाय उंबऱ्यात होते. आत टाकवेना, मागे घेववेना.

मग दळणं थांबलं. मध्येच, जात्यात घातलेला घास तसाच सोडून. वर्ग अगदी शांत झाला. खालून मैदानातला कसलाही आवाज नव्हता, रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा नाही. आणि छताचा मधला सगळा भाग पंख्यासकट खाली आला.

धुरळा खाली बसायला बराच वेळ लागला. पालव पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून बसले होते. तिसऱ्या-चौथ्या रांगेतले बाक दिसत नव्हते. त्यांच्यावर हातभर जाडीचा राडारोडा होता, त्यातून गंजलेल्या सळ्या वर आलेल्या. छताला दिवाळीच्या सुट्टीत नवा रंग दिला होता. आत पावसाचं पाणी मुरून मुरून सळ्या फुगल्या होत्या, हे नंतर इंजिनियरनी सांगितलं. ड्रिल जशी शिकवली होती तशीच झाली असती तर तिथे बारा मुलं बसलेली असती. बाकांच्या फळ्या दुभंगल्या होत्या.

कुणाला खरचटलंही नव्हतं.

मैदानात पोचल्यावर मुलं भानावर आली. दुसरीच्या पोरांचे हात आपल्या हातात बघून गोंधळली. मुख्याध्यापिका आल्या, अग्निशमन दल आलं, पालक आले. मुलांना ज्यानं त्यानं विचारलं, तुम्ही बाहेर का आलात? उत्तर एकच होतं. "त्या बाईनी सांगितलं." अधिकाऱ्यांनी कागदावर लिहिलं, कवायतीदरम्यान विद्यार्थी बाहेर पडले असल्याने जीवितहानी टळली. ते खोटं नव्हतं.

शनिवारी पालव गोवंडीला गेले. धोंडिराम खाटेवर बसला होता, चैतन्यला सुट्टी होती. पालवांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते वाक्य आलं तेव्हा धोंडिरामनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"पुन्यांदा म्हना."

पालवांनी पुन्हा म्हटलं.

चैतन्यचा चेहरा उतरला होता. "काका, हे तर मी कापलं होतं. त्या घरघरीच्या जरा आधी होतं. तुम्ही घेऊ नका म्हणालात म्हणून कापलं. फोनवर आलंच कसं?"

धोंडिरामनं पाय खाटेवर ओढून घेतले. मग भिंतीकडे बघत बोलू लागला.

"शकू माजी बायको. पहाटं चारच्या आधी दळाय बसायची. दळताना गायची, पन म्या समोर आसलो की गप. म्हनून म्या टेप घेतला व्हता. रातीच हात पुरंल आसा ठिवला, गोधडीखाली. ती उठली तसं हात घालून चालू केला आन पुन्हा झोपेचं सोंग घेतलं." तो थांबला. "त्या रोजी ती गायलीच न्हाई. नुस्तं दळत व्हती. मग थांबली. तिला काय कळलं म्हाईत न्हाई. म्हनली, आवं, उठा की. लेकरं घिऊन भाईर या. आन ती भाईर गेली बी."

"मग?" पालवांनी विचारलं.

"वरीसभर हादरे बसत व्हते आमच्याकडं. सवय झाली व्हती. वाटलं, हिचं काईतरीच. तिला कळू नये म्हनून टेप बी लपवायचा व्हता. म्या पडूनच ऱ्हायलो." त्याचा आवाज कोरडा होता. "म्या उठंना म्हनून ती लेकरं घ्याय परत आत आली. आन वरचं मातीचं माळवद खाली बसलं. दोन लेकरं आन ती. म्या दाराजवळ व्हतो, चौकटीखाली ऱ्हायलो, मला काडीचं लागलं न्हाई."

बाहेर गल्लीत कुणीतरी टमटम मागे घेत होतं. चैतन्यनं पाणी आणून ठेवलं. कुणी प्यायलं नाही.

"पोरं उठली?" धोंडिरामनं विचारलं. "किती हाकंत?"

"हाका मोजता आल्या नाहीत. पण सगळी एकदम उठली," पालव म्हणाले.

धोंडिरामनं मान हलवली. मग उठून पिठाच्या डब्यातून कॅसेट काढली आणि चैतन्यपुढे धरली. "लाव. पुरी लाव. म्या एकदाच ऐकली हाय, भूकंपानंतरच्या छावनीत. आता ऐकतो."

चैतन्यकडे जुना टेप होता. कॅसेट सुरुवातीला खरखरली, मग जात्याचा आवाज आला. पालवांनी खाटेची कड धरली. वर्गाच्या उंबऱ्यात ऐकलेला तोच आवाज, तीच लय. तो पुष्कळ वेळ चालला. मग दळणं थांबलं.

तिघंही वाट बघत राहिले. टेप फिरत होता. काही आलं नाही. आणि मग खालून, दुरून, ती घरघर सुरू झाली.

चैतन्यनं मागे घेऊन पुन्हा लावलं. जातं. शांतता. घरघर. तो आवाज वाढवून, कान लावून ऐकत राहिला. "इथे होतं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "काका, शपथ, इथेच होतं. मी ऐकलंय."

"बंद कर," धोंडिराम म्हणाला. तो घाबरला नव्हता. दाराबाहेर बघत होता. "हितं न्हाई ऱ्हायली आता."

मग पालवांकडे वळून त्यानं विचारलं, "त्या लेकरांना भेटता यील का?"

वर्ग दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून सातवी ब शेजारच्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसत होती. आठवड्यानं पालव धोंडिरामला घेऊन तिथे गेले. रश्मी टीचरांना त्यांनी आधी सगळं सांगितलं होतं. टीचरांनी मुलांना एवढंच सांगितलं, की तो आवाज ज्यांच्या घरातला होता, ते आजोबा आलेत.

धोंडिराम खुर्चीवर बसला नाही. मुलांसमोर सतरंजीवर बसला. काय विचारायचं, हे त्यानं वाटेत ठरवलं असावं, पण तोंडून निघेना. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"तुमी तिला ऐकली," तो शेवटी म्हणाला. "मला सांगा, ती रागावली व्हती का?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही," श्रुतिका म्हणाली.

"नीट आठव, बाळा. भाईर या म्हनताना. आवाज चढला व्हता का?"

"नाही आजोबा. घाई होती तिला. पण रागावली नव्हती."

"माझी आई रागावते ना, तसं नव्हतं," मुकुल म्हणाला. "हळूच बोलली. कुणीतरी झोपलंय आणि त्याला दचकवायचं नाही, असं."

मागच्या बाजूनं एक मुलगी म्हणाली, "मला वाटलं ती हसतेय थोडी."

धोंडिरामनं तिच्याकडे पाहिलं. "हसती व्हती?"

"थोडीशी. म्हणजे तिला माहीत होतं, की कुणीतरी सोंग घेऊन पडलंय."

रश्मी टीचरांनी पालवांकडे पाहिलं. ही गोष्ट रश्मी टीचरांनी मुलांना सांगितली नव्हती, पालवांनीही नाही. धोंडिराम मात्र त्या मुलीकडे बघतच राहिला, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. रडतोय की हसतोय, मुलांना कळेना. टीचरांनी चहा मागवला. त्यानं तो घेतला, बशीत ओतून, सावकाश.

पालवांनी फोनमधला आवाज पुसून टाकला. ते अजून शाळांत जातात, साय घेऊन. फक्त आता आधी मुलांना मैदानात पाठवतात, लांब काठीनं वर्गाचं छत ठोकून बघतात, पोकळ वाजलं तर मुख्याध्यापकांना लेखी देतात, आणि मगच डबा उघडतात. काही शाळांना ते आवडत नाही. त्या पुन्हा बोलावत नाहीत.

समाजमंदिरातून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी चैतन्यचा फोन आला. आवाजात काळजी होती. एकतीस वर्षं धोंडिराम पहाटे चारच्या आत उठून दाराबाहेर जाऊन बसायचा, थंडी असो, पाऊस असो. काल संध्याकाळी जेवून झोपला तो सकाळी साडेसातपर्यंत उठलाच नाही.

"दोनदा जाऊन श्वास बघितला मी," चैतन्य म्हणाला. "चालू होता. मग नाही उठवलं."